जीपगाडीचा 'खट्' आवाज

दोन चाके ओढणारी मोटार आणि चारही चाके ओढणारी मोटार यांत फरक किती, असे विचारले तर कोणीही म्हणेल, दोन चाकांचा. गाडीखाली ज्याने एकदा पाठ टेकली आहे तो मात्र म्हणेल, फरक सांध्यांचा! मागची चाके ओढणाऱ्या साध्या मोटारीत इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून एका लांब शाफ्टने मागे जातो आणि काम संपते. जीपेत हाच जोर आधी ट्रान्सफर केस नावाच्या दुसऱ्या पेटीत शिरतो. तेथून एक शाफ्ट मागे निघतो, एक पुढे. प्रत्येक शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा, मध्ये आखूड-लांब होणारा सरकता भाग, पुढे डिफरन्शिअल, आणि मग चाकांपर्यंत जाणारे दांडे. पुढच्या चाकांना तर ओढायचेही असते आणि वळायचेही असते, म्हणून तेथे आणखी सांधे. मारुती जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी बसवलेली. त्यामुळे मध्ये तिसरा लहान शाफ्ट, आणि तीन शाफ्टांचे मिळून सांधे सहा.

आता सांधा म्हटला की झीज आली, आणि झीज आली की ढिलाई आली. मिस्त्री लोक तिला 'प्ले' म्हणतात. इंजिनाचा जोर एका बाजूने लागलेला असतो तोवर ही ढिलाई गप्प बसते. जोराची दिशा बदलली, म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवरून काढला किंवा पुन्हा दिला, क्लच सोडला, मागे घेतलेली गाडी पुढे घातली, की मधली मोकळी जागा एका झटक्यात भरून निघते आणि लोखंडावर लोखंड आपटते. तोच आपला 'खट्'. आज आपण बोलणार आहोत ते या आवाजाविषयी, आणि तो नेमका कोठून येतो हे घरच्या घरी कसे शोधावे याविषयी.

महाराष्ट्रात या गाड्यांचा संसार जुना आहे. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे १९८५मध्ये जिप्सी आली, २०१०मध्ये थार आली. जंगल खात्यात, सर्वेक्षणाच्या कामावर, डोंगरकपारीतल्या शेतांवर यांतल्या कितीतरी गाड्या आयुष्यभर राबल्या, आणि पुष्कळशा अजूनही चालतात. जुन्या गाडीचा मालक हा आवाज ऐकून दोनपैकी एक चूक करतो. एक तर घाबरून सरळ डिफरन्शिअल उघडायला देतो आणि भारी खर्चात पडतो. नाहीतर "जीपच ती, वाजायचीच," म्हणून वर्षभर तशीच हाकतो. पहिल्या चुकीत पैसा जातो. दुसरीत काय जाऊ शकते ते जरा पुढे सांगतो.

सर्वांत आधी एक गोष्ट ध्यानात घ्या, की या कामात कान खोटी साक्ष देतो. आवाज लोखंडातून धावतो. मागच्या शाफ्टच्या पुढच्या टोकाला झालेला आघात चॅसिसमधून फिरून आपल्या आसनाखाली येतो आणि वाटते, गिअरबॉक्सच गेला! शाफ्ट तर पोकळ नळी. ती ढोलकीसारखी आवाज मोठा करते. तेव्हा आवाज कोठून आला हे इतक्यात विचारूच नका. तो केव्हा येतो, हे आधी विचारा. दोन-चार दिवस गाडी चालवताना नुसते लक्ष ठेवा आणि मनाशी टिपण करा.

क्लच सोडताना किंवा मागेपुढे करताना एकदाच 'खट्' झाला आणि मग गाडी शांत चालली, तर ती ढिलाई भरून निघाल्याची खूण. संशयित पुष्कळ: शाफ्टचे सांधे, डिफरन्शिअल, इंजिनाखालचे रबरी फाउंडेशन, पाट्यांचे यू-बोल्ट.

गाडी थांबता थांबता, अगदी शेवटच्या क्षणी, किंवा सिग्नलवरून निघताना पहिल्याच हालचालीला एक ठोका बसत असेल, तर शाफ्टच्या सरकत्या भागावर बोट ठेवा. ब्रेक लागला की मागचा एक्सल पाट्यांवर किंचित मुरडतो आणि शाफ्टची लांबी बदलू पाहते. सरकत्या भागातले दाते कोरडे असले की ते सहज सरकत नाहीत, अडून बसतात आणि मग एकदम सुटतात. याला औषध काय, तर ग्रीस-गनचे चार दाब! इतक्या स्वस्तात बरा होणारा रोग मोटारीत दुसरा क्वचितच सापडेल. आणि गंमत अशी, की याच आवाजासाठी लोक गिअरबॉक्स उतरवून घेतात.

गाडी नुसती खड्ड्यातून जाताना वाजते, जोर असो वा नसो, क्लच दाबून घरंगळतानाही वाजते. तर मग तो आवाज या साखळीतला नव्हेच. शॉक ॲब्सॉर्बरचे बुश, पाट्यांचे शॅकल, मागे टांगलेले स्टेपनीचे चाक, फार कशाला, सीटखाली लोळणारा जॅक, यांपैकी कोणीतरी तो करीत असते. जॅक आधी बाहेर काढून ठेवावा हे उत्तम.

चौथा प्रकार ठराविक अंतराने, वेगाबरोबर वाढत जाणाऱ्या 'टक्-टक्'चा. येथे थोडे गणित कामी येते. मागच्या एका चाकाच्या टायरवर खडूने रेघ ओढा. मोकळ्या मैदानात, हळू, माणसाच्या चालीने गाडी चालवायला सांगा आणि आपण शेजारून, चाकापासून हातभर दूर राहून चाला. रेघ खालून निघून पुन्हा खाली आली की चाकाचा एक फेरा झाला. त्या फेऱ्यात ठोके किती पडले ते मोजा. जुन्या नागरी विलीज जीपांच्या डिफरन्शिअलमध्ये पिनियनला ८ दात आणि क्राउनला ४३ दात असत. म्हणजे चाक एकदा फिरते तेव्हा शाफ्ट पाच फेऱ्यांहून थोडा अधिक फिरतो. चाकाच्या एका फेऱ्याला ठोका एकच असेल तर क्राउनचा दात, चाकाचे बेअरिंग किंवा ब्रेकचा ड्रम पाहावा. पाच-सहा ठोके असतील तर पिनियन किंवा शाफ्ट. आपल्या गाडीतले दातांचे प्रमाण वेगळे असेल तर आकडा बदलेल, रीत बदलणार नाही. डिफरन्शिअल न उघडता त्याच्या आत डोकावण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी ठाऊक नाही.

आता गाडीखाली जायचे. पण थांबा, आधी चाकांना उटी लावा. दोन्ही बाजूंनी, पुढून आणि मागून, चांगले दगड नाहीतर लाकडी ठोकळे. "हँडब्रेक ओढला आहे की," असे म्हणू नका. जुन्या विलीज धाटणीच्या जीपेत, आणि लँड रोव्हरमध्येही, हँडब्रेक चाकांना लागतच नाही. तो ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टच्या तोंडाशी लागतो. त्याचा परिणाम काय? मागचे एक चाक जॅकवर उचलले, की डिफरन्शिअलमुळे उचललेले चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक सुलटे घरंगळू शकते. हँडब्रेक शाफ्टला घट्ट धरून बसलेला असतो आणि गाडी मात्र जॅकवरून निघालेली असते! मागचा शाफ्ट सोडवला तर तो ब्रेक कशालाच धरीत नाही. म्हणून सपाट जमीन, उटी, आणि चाके उचलायची झाल्यास एक्सलखाली भक्कम घोडी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. पहिली तपासणी तर चारही चाके जमिनीवर ठेवूनच होते.

इंजिन बंद करून, गिअर न्यूट्रलला ठेवून खाली जा. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे काटे दोन हातांत धरा आणि एक इकडे, एक तिकडे असे पिळा. दोन काट्यांच्या मध्ये चार हातांचा एक लोखंडी तुकडा असतो. त्यालाच सारे मिस्त्री 'क्रॉस' म्हणतात. त्याच्या चारही टोकांवर टोप्या असतात आणि टोप्यांत सुयांसारखे बारीक रोलर. चांगल्या क्रॉसमध्ये पिळण्याला मुळीच वाव नसतो. थोडाही नाही. एक काटा हलतो आणि दुसरा मागे राहतो असे दिसले, किंवा फटीत टॉमी घालून उचलले असता टोपी वरखाली झाली, की क्रॉस गेला असे खुशाल समजा. टोपीच्या कडेला गंजासारखी तांबडी भुकटी दिसली तरी तेच. ग्रीस संपून आतल्या सुया झिजल्या, त्यांचे ते पीठ!

पण पूर्ण शाफ्ट हाताने फिरवून पाहाल तर तो थोडासा मागेपुढे फिरेलच. त्याने घाबरू नका. दातांना श्वास घ्यायला जागा ठेवावीच लागते. डिफरन्शिअलमधल्या सगळ्या दातांची आणि दांड्यांच्या टोकांची मिळून ती ढिलाई शाफ्टवर एकत्र दिसते. नवीन गाडीतही ती असते. पुष्कळ डिफरन्शिअले या गैरसमजापायी उघडली जातात. ओळखण्याची खूण अशी: शाफ्ट फिरतो आणि त्याच्या दोन्ही टोकांचे काटेही त्याच्याबरोबर एकजीव फिरतात, तर ढिलाई पुढे डिफरन्शिअलात आहे, शाफ्ट फिरतो आणि काटा जागीच राहतो, तर ती सांध्यात आहे. डिफरन्शिअलवर खराच संशय असेल तर त्याचे तेल थोडे काढून बोटांत चोळा. राखाडी, मऊ लेप लागला तर ती रोजची झीज. नखाएवढे लोखंडाचे कपचे निघाले तर मात्र उघडावे लागेल. तेल दुधाळ दिसले तर ओढ्यातून गाडी घातली तेव्हा आत पाणी शिरले आहे. तेल आजच बदला.

तेथेच पडल्या पडल्या पाट्यांचे यू-बोल्ट पान्याने तपासा. ते सैल असले की क्लच सोडताना एक्सलच पाट्यावर सरकतो आणि असा काही दणका देतो, की ऐकणाऱ्याला क्राउन फुटल्याचा भास व्हावा. बोल्टच्या शेजारी पाट्यावर घासल्याची चकचकीत रेघ दिसली, की समजावे. पुढे इंजिनाचे फाउंडेशन: बॉनेट उघडा, कोणाला तरी ब्रेक दाबून धरून क्लच जरासा सोडायला सांगा, आणि आपण बाजूला उभे राहून पाहा. गाडीसमोर कोणी उभे राहायचे नाही, हे आलेच. इंजिन एका अंगाला उसळत असेल तर रबर गेले आहे.

आता तो दुसऱ्या चुकीचा भाग. क्रॉस एकदम तुटत नाही. तो आधी चिमणीसारखा चिरचिरतो, विशेषतः हळू चालताना. काही दिवसांनी ती चिरचिर थांबते, तेव्हा मालकाला वाटते, बरे झाले! मग 'खट्' सुरू होतो. त्यानंतर गाडी वेगात थरथरू लागते. पुढची पायरी म्हणजे टोपी निसटून शाफ्ट सुटणे. लो गिअरमध्ये, पहिल्यात, जुन्या नागरी विलीज जीपेच्या शाफ्टवर इंजिनाच्या जवळजवळ सातपट पीळ येतो. म्हणजे तो सुटायचा तो बहुधा चढावर किंवा चिखलात, सर्वांत अडचणीच्या जागी. उतारावर सुटला तर परिस्थिती अधिक वाईट. आपण घाट उतरतो तो गिअरवर, इंजिनाला गाडी धरू देऊन. चारचाकी जोडलेली नसताना मागचा शाफ्ट सुटला की इंजिनाची ती धरण त्याच क्षणी नाहीशी होते. जुन्या जीपेत त्याच शाफ्टवर हँडब्रेक, तोही गेला. राहिला फक्त पायाचा ब्रेक, तोही उताराने तापलेला. शिवाय शाफ्टचे जे टोक गाडीच्या तोंडाकडे असते ते खाली पडले, तर रस्त्यात रुतून गाडीच उचलली जाण्याचा धोका. मुठीत मावेल एवढा हा तुकडा, आणि त्याच्यावर इतके सारे टांगलेले! म्हणून डिफरन्शिअलचा गुणगुणाट महिनाभर सोसला तरी चालेल, पण हललेला क्रॉस घेऊन घाटात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रॉस बदलताना एक काळजी घ्यावी लागते आणि घाईत तीच राहते. शाफ्ट उघडण्यापूर्वी सरकत्या भागाच्या दोन्ही तुकड्यांवर छिन्नीने किंवा रंगाने समोरासमोर खूण करा. पुष्कळ शाफ्टांवर कारखान्यातच बाण कोरलेले असतात, पण चिखलाच्या थराखाली ते दिसत नाहीत. कारण असे, की हा सांधा तिरका चालला की पुढचा भाग एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा सावकाश होतो. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने या सांध्याचा अभ्यास केला, आणि त्याचे नाव अजूनही सांध्याला लावतात. शाफ्टच्या दोन टोकांचे काटे एका रेषेत असले तर एका सांध्याची ही चूक दुसरा सांधा भरून काढतो. दाते एका घराने चुकवून बसवले की ही भरपाई पुरी होत नाही. नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरते, आणि मग बिचाऱ्या क्रॉसलाच दोष येतो.

आता राहिला असा एक 'खट्', की ज्यात काहीच बिघडलेले नसते. चारचाकी जोडून कोरड्या डांबरी रस्त्यावर वळलात, की गाडी जड होते, कण्हते, आणि मग एकदम 'खाड्' करून सुटते. लिव्हर ओढावा तर तो निघत नाही. या जुन्या पद्धतीच्या गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. दोघांनी सारखेच फिरले पाहिजे. पण वळणावर पुढच्या चाकांना लांबचा फेर पडतो. समजा, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २.४ मीटर आहे आणि मागचा एक्सल ५ मीटर त्रिज्येने वळतो आहे. तर नुसत्या काटकोनी वळणात पुढची चाके सुमारे ८५ सेंटिमीटर अधिक चालतात. चिखलात, वाळूत टायर थोडे घसरून हा हिशेब चुकता करतात. डांबरावर ते घसरत नाहीत, म्हणून सगळा पीळ शाफ्टांत साठत जातो, आणि कोठेतरी एक टायर उचंबळला की तो बंदुकीसारखा सुटतो. लिव्हर अडकला तर त्याच्याशी झटापट न करता गाडी काही हात सरळ मागे घ्यावी. पीळ उलगडतो आणि लिव्हर लोण्यासारखा निघतो. ज्या गाड्यांत दोन शाफ्टांच्या मध्येही डिफरन्शिअल असते त्यांना, ते लॉक केलेले नसेल तोवर, ही अडचण नाही.

सरळ रस्त्यावरही हा पीळ साठू शकतो, आणि त्याचे कारण टायर. पुढे नवे आणि मागे झिजलेले घातले, व्यासात ७० सेंटिमीटरला अवघा दीड सेंटिमीटरचा फरक पडला, तरी एका किलोमीटरमध्ये मागची चाके दहाएक फेरे अधिक मागतात. हवेच्या दाबात मोठा फरक असला तरी थोडेफार असेच होते. तेव्हा चारचाकीत आवाज येतो म्हणून ट्रान्सफर केस उघडण्याआधी चारही टायरांवरचे आकडे वाचा. अनेक दुरुस्त्या तेथेच संपतात.

सर्व करून आवाज पुढचा की मागचा हेच कळेना, तर पुढचा शाफ्ट सोडवून बाजूला ठेवा आणि नुसत्या मागच्या चाकांवर गाडी फिरवून आणा. आवाज गेला तर दोष पुढे. हाताने जोडायचे-सोडायचे हब पुढच्या चाकांना असतील तर शाफ्टही काढायला नको. हब सोडले की पुढची साखळी विसावते. मात्र शाफ्टचे टोक सरळ पेटीत सरकवलेले असेल, बोल्टने जोडलेले नसेल, तर शाफ्ट काढताच तेल वाहू लागेल. तेथे हा प्रयोग करू नये.

हीच युक्ती आडरानात उपयोगी पडते. मागचा क्रॉस तुटला आणि गाव दूर असले, तर चाकांना दगड लावून मागचा शाफ्ट पूर्ण सोडवा, चारचाकीचा लिव्हर घाला, आणि पुढच्या चाकांवर सावकाश घरी या. हब हाताने लॉक करायचे असतील तर दोन्ही लॉक करा; नाहीतर इंजिन फिरेल, शाफ्ट फिरेल, आणि गाडी जागची हलणार नाही. भार कमी करा, चढावर जोर काढू नका, कारण पुढचे सांधे एवढ्या ओझ्यासाठी केलेले नसतात. काढलेला शाफ्ट मागे दोरीने बांधून ठेवा. आणि वाटेत चहाला थांबलात तर जुन्या जीपेचा हँडब्रेक ओढून निर्धास्त उतरू नका; गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड घातल्यावरच टपरीकडे वळा.